शोभेचा टोप, रक्षणाचा टोप

माझा एक भाचा परदेशी नोकरीला आहे. तिथे त्याला विमानातून उडी मारण्याचा छंद जडला. पोटापाण्यासाठी नव्हे, नुसत्या हौसेसाठी! वाचकहो, माणसाने चांगल्या चालू विमानातून बाहेर उडी का घ्यावी, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. पण पोराच्या दीडशेच्या वर उड्या झाल्या आहेत, रीतसर परवाना आहे, तेव्हा आम्ही वडीलधाऱ्यांनी बोलणे सोडून दिले आहे. तर हा भाचा सुट्टीवर कोल्हापूरला आला तो एक चित्र खिशात घेऊनच. चित्र कसले, तर उडीच्या वेळी डोक्यावर घालण्याच्या हेल्मेटचे. वर मोत्यांच्या लडी, पुढे शिरपेच, मागे टोक उंच उचललेले. थोडक्यात, जिरेटोपाच्या घाटाचे हेल्मेट! फायबरचे पुतळे करणारा एखादा कारागीर गाठून हे करून घ्यायचे, असा त्याचा बेत होता.

मी म्हटले, "अरे, पण हे कशाला?"

"मामा, तिथं एकेकाच्या डोक्यावर काय काय असतंय म्हणून सांगू! कुणी शिंगं लावतंय, कुणी रबराचा तुरा लावतंय, कुणी वाघाचं तोंड. मग आपलं कोल्हापूरचं पोरगं हाय, हे वरनंच दिसायला नको व्हय?"

त्याच्या बोलण्यात अभिमान होता आणि तो मला आवडलाही. पण मनात एक शंका आली. डोक्यावर जे चढवतो, ते डोक्यासाठी की बघणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी? हा प्रश्न आजचा नाही. तो निदान काही शतकांचा आहे आणि त्याची उत्तरे माणसाने पुष्कळदा रक्त सांडून मिळवली आहेत. त्या उत्तरांचीच ही थोडी हकीकत.

प्रथम 'जिरेटोप' हा शब्दच घ्या. पुष्कळांना वाटते की यातला 'जिरे' म्हणजे आपल्या फोडणीतले जिरे. तसे नाही. फारसीत 'जिरह' म्हणजे लोखंडी कड्यांचे चिलखत. आपल्या जुन्या मराठीत 'जिरेबखतर' आहे, त्यातलाच हा 'जिरे'. म्हणजे जिरेटोप हे नावाने पाहिले तर लढाईतले शिरस्त्राण. आज पुतळ्यांत आणि चित्रांत आपण जो मोत्यांच्या लडींचा टोप पाहतो, शिवजयंतीला पोरांच्या डोक्यावर जो पुठ्ठ्याचा टोप चढतो, त्यात शोभा राहिली आणि लोखंड गेले. शब्द मात्र मागे राहिला, आपली जुनी नोकरी सांगत.

ही दोन कामे एकाच डोक्यावर कशी नांदत, याचे उत्तम उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १० नोव्हेंबर १६५९ चा प्रतापगडाचा प्रसंग कुणाला ठाऊक नाही? ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिले आहे की, अफझलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी पागोट्याच्या आत पोलादी कड्यांची टोपी आणि अंगरख्याच्या आत चिलखत घातले होते. आता यातली मांडणी ध्यानात घ्या. दिसायला वर पागोटे, म्हणजे दरबारी मान. आत पोलाद, म्हणजे जिवाची राखण. शोभा बाहेर आणि मऊ, रक्षण आत आणि घट्ट. वार बसला तर कापड फाटेल, सुटेल, खाली पडेल. त्याने पोलादाच्या कामात अडथळा येत नाही. उलट कापडाचे दहा-वीस पदर तलवारीची धार थोडी बोथटच करतात. आपल्या पूर्वजांना पागोट्याचा हा उपयोग चांगला माहीत होता. म्हणजे शोभेला विरोध कुणाचाच नव्हता. तिने रक्षणाच्या आड येऊ नये, एवढीच अट होती.

आता दुसरे टोक पाहू, आणि त्यासाठी आपल्याला कोल्हापूरच्या बाहेर जावे लागत नाही. हे गाव जसे तालमींचे, तसे सिनेमाचे. बाबूराव पेंटर यांनी इथे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२३ साली 'सिंहगड' हा मूकपट दिला. पुढे भालजी पेंढारकरांनी जयप्रभा स्टुडिओत ऐतिहासिक चित्रपटांचा संसार थाटला. त्यांच्या १९५२ च्या 'छत्रपती शिवाजी'त चंद्रकांत यांनी महाराजांची भूमिका केली. ढाली, तलवारी, चिलखते, टोप यांची जी दुनिया पडद्यावर दिसते, तिचा एक नियम असतो. वस्तू लोखंडासारखी दिसली पाहिजे, पण नटाला दिवसभर पेलली पाहिजे. तिथला टोप खोटा असतो आणि खोटा असणे हाच त्याचा गुण. कारण तिथली तलवारही खोटीच असते.

माझ्या भाच्याच्या चित्रातली गडबड नेमकी इथे होती. टोप सिनेमाचा आणि लढाई खरी. विमानातून उडी मारणाऱ्या माणसाच्या अंगावर येणारा वारा, छत्रीचा हिसका आणि खालची जमीन यांतले काहीच पुठ्ठ्याचे नसते.

युरोपातल्या मोठमोठ्या लष्करांनीही हा धडा उशिराच घेतला. प्रशियाच्या सैन्यात १८४२ पासून एक टोप रूढ झाला. उकळून कडक केलेल्या चामड्याचा आणि माथ्यावर धातूचे टोकदार शिखर असलेला. त्याला ते पिकेलहाउबे म्हणत. संचलनात शिपाई मोठा रुबाबदार दिसे. पण १९१४ साली महायुद्ध पेटले, माणसे खंदकात उतरली, तेव्हा दिसून आले की चामडे बॉम्बच्या तुकड्यांना थांबवीत नाही आणि माथ्यावरचे टोक खंदकाच्या वर येऊन शत्रूला नेम दाखवते. १९१५ साली ते टोक काढून ठेवता येईल असे केले आणि १९१६ साली टोपच बदलून पोलादी आणला. फ्रेंचांनी आणि इंग्रजांनी १९१५ मध्येच पोलादी टोप सुरू केले होते. म्हणजे शोभेचे शिखर आधी सुटे झाले आणि मग गेले. मधल्या काळात किती डोकी फुटली असतील, ती मोजायला कोण बसले आहे!

इंग्रजांचा तो १९१५ चा टोप पसरट थाळीसारखा होता. रुंद काठ, कारण वरून पडणारे तुकडे खांद्यापर्यंत अडावेत. खंदकात तो काठ म्हणजे आशीर्वाद. पण पंचवीस वर्षांनी हाच काठ एका नव्या जातीच्या शिपायाला शाप ठरण्यासारखा होता. तो शिपाई म्हणजे छत्रीधारी सैनिक.

हवाई छत्री तशी जुनी. १७९७ च्या ऑक्टोबरात गार्नेरँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने पॅरिसवर बलूनमधून छत्रीने उतरून दाखवले. आपल्याकडे १८८९ साली पर्सिव्हल स्पेन्सर या इंग्रजाने मुंबईत आणि कलकत्त्यात असे प्रयोग केले आणि हजारो लोक माना वर करून पाहत राहिले. पण तो तमाशा होता. फौजेच्या फौजा आकाशातून उतरवण्याचे वेड आले ते दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. हिंदुस्थानातही १९४१ साली छत्रीधारी पलटणी उभ्या राहू लागल्या.

त्या वेळी सैन्यांच्या कारागिरांना एक गोष्ट फार लवकर उमगली. छत्री उघडते तेव्हा तिच्या दोऱ्या माणसाच्या पाठीवरून, मानेमागून, डोक्याजवळून सरसर वर जातात. त्या क्षणी डोक्यावर काहीही पुढे आलेले असले, काठ म्हणा, कोपरा म्हणा, की दोरी त्यात अडकू शकते. शिवाय वारा रुंद काठाखाली शिरला की टोप वर उचलतो आणि हनुवटीच्या पट्ट्यातून सगळी ओढ मानेवर येते. म्हणून जर्मनांनी आपल्या छत्रीधाऱ्यांसाठी पोलादी टोपाचा पुढचा छज्जा आणि कानांवरची झालर जवळजवळ छाटून टाकली. इंग्रजांनी आपल्या छत्रीधाऱ्यांना बिनकाठाचा, वाटीसारखा टोप दिला. अमेरिकनांनी हनुवटीला चामड्याची वाटी लावून पट्टा पक्का केला, कारण छत्रीच्या हिसक्यात टोप डोक्यावरून उडून जात होते.

बघा, वाचकहो, एकमेकांच्या जिवावर उठलेल्या जर्मनांनी आणि इंग्रजांनी वेगवेगळ्या कारखान्यांत बसून उत्तर एकच काढले: आकाशातून उतरणाऱ्याच्या डोक्यावर काही वाढवू नका, असेल ते काढा. हे उत्तर माझ्या भाच्याच्या शिरपेचाला लागू पडते की नाही, तुम्हीच सांगा.

यात आपल्या मुलुखाचाही वाटा आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण ही १७९७ सालची, म्हणजे योगायोग असा की गार्नेरँच्या उडीच्याच वर्षाची. या रेजिमेंटचे केंद्र बेळगावला आणि कोल्हापूरच्या कितीतरी घरांतली मुले तिच्यात गेलेली. ही तिसरी पलटण पुढे छत्रीधारी बनली, १९४७-४८ च्या काश्मीरच्या लढाईत ५० व्या छत्रीधारी ब्रिगेडमधून लढली आणि १९५२ साली पॅराशूट रेजिमेंट उभी झाली तेव्हा तिची दुसरी बटालियन ठरली. ११ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी आजच्या बांगलादेशातील टांगाईलजवळ हीच बटालियन आकाशातून उतरली आणि तिने पुंगलीचा पूल ताब्यात घेतला. सुमारे सातशे माणसे त्या दिवशी उतरली. जिरेटोपाचा वारसा सांगण्याचा अधिकार त्यांच्याइतका कुणाचा? पण त्यांच्या डोक्यावर ना तुरा होता, ना शिरपेच. होते ते लष्कराने पारखून दिलेले शिरस्त्राण आणि हनुवटीखाली घट्ट आवळलेला पट्टा.

महायुद्ध संपल्यावर छत्री सैन्यातून खेळात आली. सुरुवातीचे हौशी लोक चामड्याच्या मऊ टोप्या किंवा दुसऱ्या खेळांची हेल्मेटे घालत. मग खास या खेळासाठी टणक कवचाची, पुढे चेहरा झाकणारी हेल्मेटे निघाली. त्याबरोबर आणखी एक पाहुणा डोक्यावर येऊन बसला, तो म्हणजे कॅमेरा. १९६९ च्या 'द जिप्सी मॉथ्स' या अमेरिकन चित्रपटासाठी कार्ल बोनिश यांनी आकाशात पडता पडता चित्रण केले होते. तेव्हाचा कॅमेरा जड, म्हणून तो बांधणारा माणूस चार गोष्टींचा विचार करून बांधी. आज काड्यापेटीएवढा कॅमेरा कुणीही कपाळावर चिकटवतो. त्याचे वजन काही नसते, पण त्याला कोपरे असतात आणि दोरीला अडकायला कोपराच पुरतो. म्हणून अमेरिकेतल्या उडीवाल्यांच्या संघटनेने सल्ला दिला आहे की दोनशे उड्या झाल्याशिवाय डोक्यावर कॅमेरा लावू नये. एका छोट्या डबीसाठी दोनशे उड्यांचा अनुभव! मग शिंगांसाठी आणि शिरपेचासाठी किती म्हणायच्या?

आता जरा हिशेब करू. घाबरू नका, हिशेब सोपा आहे.

छत्री उघडण्यापूर्वी पोटावर आडवा पडलेला माणूस ताशी सुमारे १९० ते २०० किलोमीटर वेगाने खाली येतो. या वेगाच्या वाऱ्यात दहा सेंटिमीटर लांब आणि तितकाच रुंद असा एक सपाट तुकडा धरला, तर वारा त्याला सुमारे दीड किलो वजनाच्या जोराने ढकलतो. आता एक वीत-दीड वीत उंचीचा, चार बोटे रुंद तुरा धरा. म्हणजे तीस सेंटिमीटर गुणिले दहा. जोर झाला साडेचार किलोचा. आणि हा जोर कवटीजवळ नाही, वर टोकाकडे. लांब दांड्याने विहिरीचे झाकण उचलावे, तसा हा तुरा आपली मान उचलतो आणि पिळतो. माणसाने डोके जरा कलते केले की ओढ एका बाजूने येते. तासभर नव्हे, एक मिनिटभरच. पण त्याच मिनिटात त्याला उंची पाहायची असते, शेजारच्या उडीवाल्यांवर नजर ठेवायची असते आणि छत्री उघडायची असते.

नंतर हिसका. छत्री उघडताना तीन-चार सेकंदांत त्या वेगातला बहुतेक वेग जातो आणि अंगावर आपल्याच वजनाच्या कितीतरी पट भार येतो. चार पट धरला, तर डोक्यावरचा अर्धा किलोचा दागिना त्या क्षणी दोन किलोचा होतो. तो पुढे झुकलेला असेल तर मान पुढे जाते, मागे असेल तर मागे. छत्री कधीकधी अपेक्षेपेक्षा जोरात उघडते, तेव्हा तर विचारूच नका.

तिसरी गोष्ट, आणि हीच हेल्मेटचे खरे काम आहे, ती म्हणजे आपटणे. जमिनीवर उतरताना पाय घसरला आणि डोके दीड मीटरवरून, म्हणजे १५० सेंटिमीटरवरून खाली आदळले असे समजा. डोके एका सेंटिमीटरात थांबले तर त्यावर येणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या १५० पट. तीन सेंटिमीटरात थांबले तर ५० पट. भागाकार केला, झाले! हे तीन सेंटिमीटर कुठून येतात? हेल्मेटच्या आतल्या दबणाऱ्या अस्तरातून. बाहेरचे टणक कवच धक्का पसरवते आणि आतले अस्तर स्वतः चिरडून डोके वाचवते. म्हणजे हेल्मेटची खरी किंमत आत असते, जिथे बघणाऱ्याची नजर जात नाही. पुन्हा पागोट्याच्या आतली पोलादी टोपी!

शोभेचे हेल्मेट करणारा कारागीर नेमका इथेच चुकतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याला घाट दाखवलेला असतो, काम सांगितलेले नसते. तो घाटासाठी आतली जागा खातो आणि अस्तर पातळ होते. शिंगे बसवायला कवचाला भोके पाडतो. मग धक्का पसरण्याऐवजी भोकाशीच तडा जातो आणि आत आलेला खिळा किंवा स्क्रू कवटीकडे तोंड करून बसतो. रंग देताना वापरलेले काही द्रव विशिष्ट प्लास्टिकला ठिसूळ करतात, वरून मात्र काहीच दिसत नाही. वाघाचे तोंड केले तर कडेची नजर झाकली जाते. उडीवाल्याच्या छातीवर दोन मुठी असतात: एक बिघडलेली छत्री सोडून देण्यासाठी आणि दुसरी राखीव छत्री उघडण्यासाठी. संकटात मान खाली घालून त्या आधी पाहायच्या असतात. हनुवटीपुढे वाघाचा जबडा आला तर त्या दिसणार कशा? कानाजवळ उंचीची सूचना देणारे एक यंत्र ठेवतात. कान शोभेच्या भरावाने बंद झाले तर त्याची शिट्टी कुणी ऐकायची?

आणि मग सगळ्यांत अवघड पेच. हेल्मेट इतके घट्ट हवे की हिसक्यात उडून जाऊ नये. पण त्यावरच्या एखाद्या टोकाला छत्रीची दोरी अडकली, तर तेच घट्ट हेल्मेट मानेचा फास होते. म्हणून कॅमेरावाल्यांच्या हेल्मेटला एका ओढीत सुटणारी कळ ठेवतात. शोभेच्या टोपाला ही कळ कोण बसवतो? बसवली तरी ती हिसक्यात आपोआप सुटणार नाही आणि संकटात हमखास सुटेल, याची परीक्षा कोण घेतो?

परीक्षा हा शब्द महत्त्वाचा आहे. पॅराग्लायडिंगसारख्या हवाई खेळांच्या हेल्मेटांसाठी युरोपात १९९६ साली ईएन ९६६ ही कसोटी ठरली. विमानातून उडी मारण्याच्या हेल्मेटांसाठी वेगळी कसोटी त्याहून पुष्कळ नंतर फ्रान्समध्ये आली. आजही बाजारात मिळणारी या खेळाची सगळीच हेल्मेटे अशा कसोटीला उतरलेली नसतात. म्हणजे कारखान्यातून आलेल्या वस्तूचीच जिथे खात्री करून घ्यावी लागते, तिथे आपण तिला भोके पाडून शिंगे लावणार!

तुम्ही म्हणाल, मग हौस करूच नये की काय? आयुष्य काय नुसते कसोट्या आणि मापे? तसे नाही. हौसेची एक फार सुंदर हकीकत मराठी मुलखातलीच आहे, ती सांगतो. पुण्याच्या शीतल महाजन हे नाव आपण ऐकले असेल. २००४ साली त्यांनी उत्तर ध्रुवावर छत्रीउडी घेतली, २००६ साली अंटार्क्टिकात घेतली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या बाईंनी २०१८ च्या फेब्रुवारीत थायलंडमध्ये सुमारे तेरा हजार फुटांवरून उडी घेतली, ती नऊवारी साडी नेसून! ही हौस नव्हे तर काय? पण ती कशी केली ते पाहा. आधी साडी नेसून ती पिना आणि चिकटपट्ट्यांनी जागच्या जागी पक्की केली. मग छत्रीचे पट्टे साडीच्या वरून आवळले. डोळ्यांना चष्मा, आणि डोक्यावर हेल्मेट. पदराला फडफडायची मोकळीक नाही आणि डोक्याच्या बाबतीत हौसेला जागा नाही. आणि हे सर्व शेकडो उड्या गाठीशी असताना. साडी नऊवारी, पण शिस्त लष्करी.

यातून नियम काढायचा तर असा निघतो. हौस करायचीच, तर ती सपाट असावी, मऊ असावी आणि धक्का बसताच सुटून जाणारी असावी. कवचावर पातळ चित्र चिकटवा, हेल्मेट करणाऱ्याने चालेल म्हटलेल्या रंगाने रंगवा, अंगावरचा झगा भगवा करा. पण टोक नको, भोक नको आणि डोळ्याकानांच्या आड काही नको.

विमानातून उडी मारणारे आपल्यात कितीसे? पण हेल्मेटवर शिंगे आणि रबरी तुरे चिकटवून मोटारसायकली उडवणारे चिरंजीव आपल्या रस्त्यांवरही दिसतात. शिवजयंतीच्या फेरीत तर फेटा बांधून गाडीवर बसण्याची मोठी चढाओढ असते. कोल्हापुरी फेट्याचा मला अभिमान आहे. पण फेटा तलवारीच्या जमान्यातला आहे, डांबरी रस्त्याच्या नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने दुचाकीवर हेल्मेट घालायला सांगितले आहे, आणि १ जून २०२१ पासून आयएसआयची खूण नसलेले दुचाकीचे हेल्मेट विकणे हाच गुन्हा आहे. तरी रस्त्याच्या कडेला मिळणारी, वरून चकाकणारी आणि आतून पोकळ अशी टोपली आपण दोन पैसे वाचवायला विकत घेतोच. ती सिनेमातली टोपी आहे, हे ध्यानात ठेवा. पोलिसापासून ती कदाचित वाचवील, रस्त्यापासून नाही. घरातल्या पोराचे हेल्मेट एकदा हातात घ्या, उलटे करा आणि आत बोट दाबून पाहा. अस्तर आहे का, पट्टा पक्का लागतो का, खूण आहे का. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

भाच्याला मी हे सगळे एका बैठकीत सांगितले नाही. सांगितले असते तर तो उठून गेला असता. आम्ही दोघे न्यू पॅलेसच्या संग्रहालयात गेलो, तिथली जुनी शस्त्रे पाहत बराच वेळ फिरलो. बाहेर आल्यावर मी त्याला जिरेटोप या शब्दाचा अर्थ तेवढा सांगितला, आणि प्रतापगडावर पागोट्याच्या आत काय होते ते. तो काही बोलला नाही. घरी येईपर्यंत गप्पच होता.

रात्री जेवताना त्याने ते चित्र आपल्या आईला दाखवले. माझी बहीण शाळेत फारशी शिकलेली नाही. तिने चित्र लांब धरून, जवळ धरून पाहिले आणि विचारले, "दिसायला झ्याक हाय रे. पण तू उलटा पडलास तर ह्याच्या आत तुझं डोस्कं कुठं बसतंय?"

मला जे सांगायला इतकी पाने लागली, ते तिने एका वाक्यात विचारले. पोराने चित्र घडी करून खिशात घातले. परत जाताना त्याने कोल्हापुरातून एक भगवा फेटा नेला. पुढे त्याचा एक फोटो आला. उडी झाल्यावर, मोकळ्या मैदानात, काखेत साधे काळे हेल्मेट आणि डोक्यावर फेटा. बांधणी जरा चुकली आहे, शेमला भलत्याच बाजूला आहे. पण दोन्ही टोप आपापल्या जागी आहेत, आणि मधले डोके शाबूत आहे.